डासाची थुंकी आणि सासूबाईंचे हात

मी पूर्वी डास पाळायचे, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग त्याच्या नकळत कोपर खाजवायला लागतो. लग्नाच्या पंगतीत मी हे बऱ्याचदा करून बघितलंय. शेजारणीला हळूच सांगायचं. जिलबी येईपर्यंत तिच्या पलीकडचीसुद्धा खाजवत असते. आता मी नाशिकरोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये माणसांचं रक्त काढते. आमचे हे म्हणतात, "तुझा धंदा तोच आहे. आधी डासांना रक्त द्यायचीस, आता स्वतःच डास झालीस." अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलं, त्या जुन्या नोकरीबद्दल लिहा, वाचणाऱ्यांना गंमत वाटेल. गंमत आहेच. ती मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण शेवटपर्यंत पुरेल याची मला खात्री नाही.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका बाजूला स्क्रूचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला रंगाचं गोदाम, त्यांच्यामध्ये आमचं दुमजली युनिट होतं. पाटीवर लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण रिक्षावाले 'डासवाली कंपनी' म्हणूनच ओळखायचे. मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेली, लग्न होऊन नुकतीच नाशिकला आलेली. मुलाखतीत विचारलं, "किळस येते का?" म्हटलं, "मी एकत्र कुटुंबातून आलेय." लगेच घेतलं.

काम साधं होतं. डासांच्या कॉइल, अगरबत्त्या, अंगाला लावायची मलमं बनवणाऱ्या कंपन्या आपला माल आमच्याकडे तपासायला पाठवायच्या. तपासायला डास लागतात, आणि तेही सुदृढ. मरतुकडा डास कशानंही मरतो. म्हणून आधी डास वाढवायचे. आम्ही पाळायचो ती जात एडिस, पायांवर पांढरे पट्टे असलेली. डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवते ती हीच. मादी ओलसर कागदाच्या कडेवर अंडी घालते. काजळाचं बोट कागदावर टेकवलं तर उठेल तशी काळी रेघ. हे कागद वाळवून डब्यात ठेवले की अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. हवी तेव्हा पाण्यात बुडवायची, की ट्रेमध्ये अळ्या वळवळायला लागतात. त्यांना यीस्ट आणि कुत्र्याच्या बिस्किटांची पूड. अळीचा कोष झाला की ड्रॉपरनं उचलून वाटीत, आणि वाटी जाळीच्या पिंजऱ्यात. पिंजऱ्याला एका बाजूनं सदऱ्यासारखी कापडी बाही शिवलेली असते, तिच्यातून हात आत घालायचा. नर चावत नाहीत. ते गोडावर जगतात, त्यांच्यासाठी जाळीवर भिजवलेल्या मनुका ठेवायच्या. नाशिकच्या डासांचे एवढे लाड तर झालेच पाहिजेत.

मादीला मात्र अंडी घालायला रक्त लागतं. पुढे आमच्याकडे यंत्र आलं, त्यात काचेच्या पेल्यात रक्त कोमट ठेवून त्यावर पातळ पडदा ताणलेला असतो आणि डास तो कातडी समजून चावतात. पण सुरुवातीला ते यंत्र म्हणजे आमचेच हात होते. मी आणि माझा सहकारी भोये आळीपाळीनं बाहीत हात घालून बसायचो. भोये पेठकडच्या डोंगरातला, शांत माणूस. मी पहिल्या दिवशी डोळे गच्च मिटून बसले होते, तर म्हणाला, "ताई, घाबरू नका. गावाला आम्ही हेच काम फुकट करायचो."

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक गृहस्थ स्वतः शोधलेली आयुर्वेदिक अगरबत्ती घेऊन आले. आम्ही ती पिंजऱ्याच्या खोलीत लावली. डास थोडा वेळ गोंधळले आणि मग सगळे एका ओळीत जाऊन अगरबत्तीच्या पुड्यावर बसले. गृहस्थ काचेतून बघत होते. मी कसंबसं म्हटलं, "साहेब, पळाले नाहीत ते." ते गंभीरपणे म्हणाले, "पण शांत झालेत ना? मन शांत झालं की चावत नाहीत." आणि खरंच 'मनःशांतीसाठी' असं छापून त्यांनी तीच अगरबत्ती विकली. चांगली चालली म्हणे.

दुसरा किस्सा स्क्रूच्या कारखान्याच्या मॅनेजरचा. त्यांच्या कामगारांना डास फार चावायचे, म्हणून त्यांनी पदरमोड करून धूरफवारणीवाला बोलावला. स्वतःचं आवार झाल्यावर त्यांना शेजारधर्म आठवला. आम्ही वरच्या मजल्यावर जेवत असताना त्यांनी आमच्या खालच्या खिडक्यांतूनही नळी फिरवून घेतली. जेवून खाली आलो तर सगळ्या पिंजऱ्यांच्या तळाला डासांचा थर. मॅनेजर दारात हसत उभे. "वहिनी, तुमच्याकडचेही सगळे मेले बघा! एकही पैसा घेणार नाही." भोयेनं त्यांना हात जोडले. अंड्यांचे वाळलेले कागद कपाटात होते म्हणून आमची प्रजा पुन्हा उभी राहिली.

हे सगळं घरी जाऊन सांगायचं आणि सगळ्यांना हसवायचं, हा माझा रोजचा कार्यक्रम. आमच्या घरी मी, हे, आमची मीनू आणि सासूबाई. सासूबाईंचं सगळं आयुष्य पिंपळगावच्या द्राक्षांत गेलेलं. हंगाम आला की भावाकडे राहायला जायच्या आणि पॅकहाउसमध्ये लागायच्या. घड डाव्या हातात धरायचा, उजव्या हातातल्या बारीक कात्रीनं आतला सडका, फुटका मणी असा काढायचा की शेजारच्या मण्यावरची पांढरी लव उडता कामा नये. त्यात त्यांचा हात धरणारी दुसरी बाई नव्हती. माझ्या चावलेल्या हाताकडे बघून त्या म्हणायच्या, "घरात एक डास चावला तर ही घर डोक्यावर घेती, आन् तिथं पगार घेऊन हात देती."

मग एका वर्षी पाऊस ओसरता ओसरता आमच्या भागात चिकुनगुन्याची साथ आली. घरोघरी माणसं वाकून चालायला लागली. आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या आजारी पडल्या त्या सासूबाई. ताप दोन-चार दिवसांत उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. सकाळी उठल्यावर बोटं मिटायची नाहीत आणि मिटली की उघडायची नाहीत. मी परातीत गरम पाणी करून द्यायचे, त्यात त्या हात बुडवून बसायच्या.

हंगाम आला तशा त्या ऐकेनात. गेल्या पिंपळगावला. दुसऱ्याच दिवशी परत आल्या. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या भावजयीनं फोनवर सांगितलं. कात्री दोनदा हातातून पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा सुपरवायझरनं काही न बोलता त्यांना खुर्ची आणून दिली. उभं राहून सगळा जन्म काढलेल्या बाईला खुर्ची दिली. त्या थोडा वेळ तिच्यावर बसल्या आणि उठून एसटी स्टँडवर आल्या.

बोलणं सुरू झालं ते त्याच सुमारास. समोरच्या जाधवकाकू जिन्यात कोणाला तरी सांगत होत्या, "पहिली तीच पडली ना आजारी? मग! सून रोज तिथून येते, पदरात, केसात एखादा येणारच की." मी वर येत होते. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "तुझं नाही गं, आपलं सहज." मी तिथेच उभं राहून त्यांना समजावलं. आमचे डास अंड्यापासून आमच्याकडेच वाढलेले असतात. डासात आजार उपजत नसतो. आजारी माणसाला चावल्यावर तो त्याच्यात येतो. आमच्या डासांनी माझ्या आणि भोयेच्या रक्ताशिवाय दुसऱ्या कोणाच्याही रक्ताला तोंड लावलेलं नाही, आणि आम्ही दोघं ठणठणीत आहोत. आमच्या युनिटमध्ये चिकुनगुन्याचा विषाणू नावालाही नाही. जाधवकाकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असेल बाई. तुम्ही शिकलेल्या."

मी नणंदेला समजावलं, मावससासूंना समजावलं, आमच्या ह्यांच्या मित्रांना समजावलं. हे म्हणाले, "अगं, किती समजावतेस? चोर पण एवढं बोलत नाही." एका माणसाला मात्र मी कधी समजावलं नाही. सासूबाईंनी मला तसं कधी विचारलंच नव्हतं. टोमणा नाही, नजर नाही. न विचारता खुलासा द्यायला गेले तर तो जास्तच संशयास्पद दिसेल, असं मला वाटायचं. त्यांच्यासमोर परात ठेवताना रोज मनात यायचं, ह्यांनाही तसंच वाटत असेल का? आणि रोज मी टॉवेल ठेवून डबा भरायला निघून जायचे.

पुढे युनिटच्या मालकांनी रेवती मॅडमना आणलं आणि आमचं कामच बदललं. रेवती मॅडम माझ्याहून लहान, बारीक, भराभर चालणाऱ्या. चिकुनगुन्याची लस करायची होती, तीही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची. वरचा मजला त्यासाठी नव्यानं बांधला. दारामागे दार, आत जाताना कपडे बदलायचे, बाहेर येताना अंघोळ. डास मोजून न्यायचे आणि मोजूनच हिशेब द्यायचा. एक कमी भरला तरी कोणी बाहेर यायचं नाही. एकदा आम्ही सगळे कितीतरी वेळ आत अडकलो होतो, आणि हरवलेली डासबाई भोयेच्या टोपीवर मेलेली सापडली. तो म्हणाला, "बायकोला सांगू नका, डोक्यावर बाई बसवली म्हणेल."

विषाणू दुबळा कसा करायचा, हे मॅडमनी मला सांगितलं आणि मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. वाचकांनाही तसंच सांगते, कारण याहून सोपं मला अजून जमलेलं नाही.

"आई, पॅकहाउसमध्ये माल तपासायला बाई उभी असते ना?"

"असती की. हातात भोकाची पट्टी घेऊन. मणी त्या भोकातून खाली पडला की बारीक, घड बाद."

"तशाच आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत तपासणाऱ्या असतात. मायक्रोआरएनए म्हणतात त्यांना. अगदी इवलेसे तुकडे असतात. पेशीत सारख्या चिठ्ठ्या फिरत असतात, हे बनव, ते बनव अशा. ह्या तपासणारीकडे असलेल्या नमुन्याशी जी चिठ्ठी जुळेल, ती चिठ्ठी ती बाद करते."

"बरं. मग?"

"विषाणू म्हणजे तरी काय, बाहेरून आलेली चिठ्ठीच. 'माझ्या प्रती काढ' एवढंच तिच्यावर लिहिलेलं. तपासणारीचा नमुना तिच्याशी जुळत नाही म्हणून ती सुटते. मॅडम काय करतात, त्या चिठ्ठीला जुळणारी अक्षरं जोडतात. फीत बांधल्यासारखी. गंमत अशी की प्रत्येक ठिकाणची तपासणारी वेगळी. स्नायूतली वेगळी, मेंदूतली वेगळी. स्नायूंच्या नमुन्याची फीत बांधली की विषाणू स्नायूंत गेला रे गेला, की बाद. बाकी अंगात थोडा वाढेल, तेवढ्यात शरीर त्याला ओळखायला शिकेल. दुखणं मात्र होणार नाही."

"आन् डासाचं काय?"

"डासाच्या पोटातली तपासणारी आणखी वेगळी. तिच्या नमुन्याचीही फीत बांधायची. म्हणजे लस घेतलेल्या माणसाला डास चावला, तरी डासाच्या पोटात ती चिठ्ठी बाद. पुढे कोणाला जाणार नाही."

सासूबाईंनी परातीतल्या पाण्यात बोटं हलवली. मग म्हणाल्या, "माझ्या टायमाला का नाय बांधली गं कोणी ती चिंधी?"

थट्टेतच म्हणाल्या. मीही हसले.

मॅडमना चाचण्यांसाठी चिकुनगुन्या होऊन गेलेल्या माणसांचं रक्त लागायचं. अशा रक्तात विषाणूला ओळखून अडवणारे पहारेकरी असतात. बशीतल्या पेशींवर विषाणू सोडायचा, सोबत हे रक्तातलं पाणी. विषाणू अडला तर आपली चाचणी नीट चालली आहे असं समजायचं. त्यासाठी परवानग्या झाल्या, डॉक्टर आले, आमच्या भागातल्या काही लोकांनी होकार दिला. मी घरी नुसतं बोलले होते. सासूबाई म्हणाल्या, "माझं घ्या की."

"आई, तुमच्यावर काही जबरदस्ती नाही."

"माहिती हाय. माझं घ्या."

त्यानंतर दर वेळी बोलावणं आलं की त्या नवी साडी नेसून माझ्याबरोबर रिक्षानं यायच्या. बाही वर करून हात पुढे करायच्या. बोटं वाकडी, पण हात सरळ. रेवती मॅडम स्वतः येऊन त्यांच्याशी बोलायच्या. "आजी, तुमचं रक्त एक नंबर आहे," असं मॅडमनी एकदा म्हटलं, तर ते त्यांनी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. जाधवकाकूंना मुद्दाम सांगितलं. मला वाटलं, हातातलं काम गेल्यावर त्यांना परत कोणीतरी एक नंबर म्हटलंय, म्हणून खुशीत आहेत. दर वेळी न चुकता येण्याचं कारण मी तेवढंच समजत होते.

माझ्याकडे डासांची बाजू होती. फीत बांधलेला विषाणू कोमट रक्तात मिसळून डासांना पाजायचा, काही दिवस ठेवायचं आणि मग तो त्यांच्या थुंकीत उतरतो का ते बघायचं. डास चावतो तेव्हा आधी थुंकतो. आजार येतो तो त्या थुंकीतून. तर मी डासांना थुंकायला लावायचे. हे वाक्य मी माहेरच्या लग्नात एकदा मोठ्यानं म्हटलं होतं आणि आईनं मला स्वयंपाकघरात ओढत नेलं होतं. डास बर्फावर गार करायचा, पाय आणि पंख काढायचे, आणि केसासारख्या काचेच्या नळीत त्याची सोंड सरकवायची. नळीत तेलाचा थेंब. बघत बसलं की तेलात एक बारीकसा बुडबुडा येतो. तेवढीच त्याची थुंकी. नळीत सोंड घालायला हात स्थिर लागतो. माझा हात चांगला आहे, हे मी इथे अभिमानानं सांगून ठेवते, कारण घरात भाकरी थापताना त्याचा कोणाला प्रत्यय आलेला नाही.

महिनेच्या महिने नळ्या कोऱ्या आल्या. साधा, फीत नसलेला विषाणू पाजलेल्या डासांच्या थुंकीत विषाणू यायचा. फीतवाला यायचा नाही. तोच विषाणू टोचलेल्या उंदरांचेही स्नायू चांगले राहिले. मॅडम जिन्यावरून धावत खाली येऊन सांगायच्या, "वैशालीताई, आजचाही कोरा!" मालक पेढे घेऊन आले. मी घरी पेढे नेले, तर सासूबाईंनी आधी देवापुढे ठेवले आणि मग विचारलं, "म्हणजे निघालं का औषध?"

"अजून नाही आई. पण निघेल."

"लवकर निघू दे बाई."

तुम्हाला ह्याचा काही उपयोग नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. लस आजार व्हायच्या आधी घ्यायची असते. जडलेले सांधे ती मोकळे करत नाही. त्यांना ते पूर्ण कळलं होतं. तरी त्या माझ्याहून अधीर होत्या.

मग एक नळी कोरी आली नाही.

एका डासाची. सगळ्या खेपेत एक. मॅडमनी मला बोलावून आवाज न चढवता विचारलं, "ताई, चुकून साध्या गटातला डास इकडे आला असेल का?" मी नाही म्हटलं. भोयेनं पिंजरे वेगळे ठेवले होते, मी स्वतः बघितलं होतं. मॅडम म्हणाल्या, "तसं असतं तर बरं झालं असतं." मलाही तेव्हा तसंच वाटलं. आपलीच काहीतरी घाण चूक निघावी, असं मी आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे मागितलं. त्या थुंकीतल्या विषाणूची अक्षरं वाचून घ्यायला पाठवली. तोवर आम्ही तीच खेप पुन्हा लावली. पुन्हा बहुतेक नळ्या कोऱ्या, आणि पुन्हा एक भरलेली.

वाचन आलं. फीत नव्हती. विषाणूनं ती काढून टाकली होती.

त्यात त्याची काही हुशारी नसते, मॅडम म्हणाल्या. प्रती काढताना तो चुका करतोच. कुठे अक्षर चुकतं, कुठे तुकडा गळतो. बहुतेक चुका त्याला मारतात. एखाद्या प्रतीत नेमकी फीत गळते, आणि सगळ्या बाद होत असताना तेवढी एक सुटते. मग वाढते ती तीच. म्हणून तर एका फितीवर न थांबता आम्ही बऱ्याच बांधल्या होत्या. पण त्या सगळ्या शेजारीशेजारी, एकाच जागी. दुसरीकडे कुठे बांधल्या तर विषाणू जगतच नव्हता. त्याला जगवून दुबळं ठेवायचं म्हणजे तेवढी एकच जागा होती, आणि त्यानं तेवढाच तुकडा गाळला.

मॅडम पुढचं वर्षभर झगडल्या. जागा बदलल्या, फिती बदलल्या. विषाणू कुठे जगेना, कुठे फीत टिकेना. बाहेर दुसऱ्यांना यात जास्त यश आलं असेल, येईल. मी फक्त आमच्या युनिटचं सांगते. मालक वाईट माणूस नव्हता. त्यानं जमेल तेवढं ओढलं आणि मग एका सकाळी सगळ्यांना खाली बोलावून सांगितलं. सांगताना तो आमच्याकडे न बघता स्क्रूच्या कारखान्याच्या भिंतीकडे बघत होता. मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, "उंदरांचे निकाल चांगले होते, ते लिहून प्रसिद्ध करायला तरी माणसं ठेवाल ना?" तो हो म्हणाला.

डास संपवायचं काम भोये आणि मी केलं. ते तसं सोपं असतं. पिंजरे शीतपेटीत ठेवायचे. आधी गुणगुण मंदावते, मग बंद होते. ज्या प्रजेला मी माझ्या हातानं रक्त पाजलं होतं, तिच्या कितव्या पिढीतले होते ते कोणास ठाऊक. अंड्यांचे कागद आम्ही उकळत्या पाण्यात टाकले. भोये म्हणाला, "ताई, आता गावाला जाऊन फुकटच देतो रक्त." दोघंही हसलो नाही.

घरी मी ते दोन दिवस सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई गॅलरीत उन्हात बसल्या होत्या, पुढ्यात परात, हात पाण्यात. मीनू कॉलेजला गेलेली, हे कामावर. मी त्यांच्यासमोर पाटावर बसले.

"आई, आमचं युनिट बंद झालं."

"का गं? मालकाला परवडंना?"

"औषध नाही झालं. त्या विषाणूनं फीत काढून टाकली."

"समद्या डासांत?"

"नाही. एखाद्याच. पण उद्या गावंच्या गावं टोचून घेणार. त्यातला एखादा जरी सुटला, तर तो पुढे पसरणार. मग आपणच आजार वाटल्यासारखं झालं."

त्यांनी मान हलवली. "मग बंद केलं ते बरं केलं," म्हणाल्या. मग विचारलं, "आन् ते डास?"

"मारले."

"समदे?"

"सगळे."

"हां." त्यांनी पाण्यात बोटं मिटून बघितली, उघडून बघितली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वैशाली, मी तुला कधी बोलले का?"

"कशाबद्दल?"

"त्या तापाबद्दल. जाधवीण बोलली, माझी बहीण तर लय बोलली. मी तुला एक शब्द बोलले नाय."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"तू काय मुद्दाम आणला नव्हता. पदरात येतं, केसात येतं, माणसाला काय कळतंय? तुझ्या जिवाला ते लागलेलं मला दिसायचं. सगळ्यांना सांगत फिरायचीस, नाय आणला, नाय आणला. मला सांगायला तेवढी तुझी जीभ उचलायची नाय. म्हनून तर ते रक्त घ्यायला बोलवायचे तवा मी यायचे. म्हटलं, माझ्याच रक्तानं औषध निघालं तर हिच्या मनावरचं उतरंल. लोकांची तोंडं बी बंद होतील." त्या थांबल्या. "नाय निघालं. जाऊ दे. तू आता जिवाला लावून घेऊ नको."

म्हणजे इतकी वर्षं त्यांना तसंच वाटत होतं. आणि तसं वाटत असताना त्यांनी माझ्या हातचं जेवण जेवलं, माझं मूल सांभाळलं, नवी साडी नेसून माझ्या शेजारी रिक्षात बसल्या. त्यांनी मला कधीच माफ करून टाकलं होतं.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. तुम्हाला वर सांगितलं ते सगळं. जिन्यात, फोनवर, लग्नाच्या मांडवात घोटून घोटून पाठ झालेलं. मी म्हटलं, "आई, तेव्हा आमच्याकडे तो विषाणूच नव्हता. तो पुढे आला, मॅडमबरोबर. आमचे डास स्वच्छ होते. खरंच नव्हता हो आई."

सासूबाईंनी परातीतून एक हात काढला आणि तसाच ओला माझ्या गुडघ्यावर ठेवला.

मीनू लहान असताना तोंडाला लाडू फासलेला असायचा आणि ती सांगायची, "मी नाही खाल्ला." तेव्हा ह्या तिचं तोंड पदरानं पुसत ज्या आवाजात "बरं, नाय खाल्ला" म्हणायच्या, त्याच आवाजात त्या मला म्हणाल्या, "बरं. नव्हता."